कालपर्यंत बरोबरीचे, आज गटप्रमुख: अनुभवी सहकाऱ्यांचं नेतृत्व आणि कोचिंग

प्रश्न: नऊ अनुभवी अभियंत्यांच्या गटात मी वर्षानुवर्षं काम केलं. आता गटाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. दोघं वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे आहेत, एका सहकारी बाईंना हीच जागा हवी होती, आणि मी सगळ्यांना 'कोच' करावं अशी वरून अपेक्षा आहे. ज्यांना माझ्याइतकंच, कधी कधी जास्त कळतं, त्यांना मी काय शिकवणार? आणि सहा महिन्यांनीही त्यांनी मला मानलं नाही तर?

उत्तर:

त्यांना शिकवण्यासाठी तुम्हाला नेमलेलंच नाही. हे एकदा नीट पटलं की बरंच ओझं उतरतं. मी आधी स्ट्रक्चरल डिझाइनच्या गटांत काम केलं, पुढे असे गट चालवले, आणि आता बराच काळ अभियंते, डॉक्टर, वकील, लेखापरीक्षक यांच्या नव्या गटप्रमुखांबरोबर काम करतो आहे. या सगळ्या क्षेत्रांत मला एकच चित्र दिसतं. नव्या प्रमुखाला भीती असते ती आपलं ज्ञान कमी पडण्याची, आणि काम अडतं ते भलतीकडेच. कोणता निर्णय कुणाचा, हे कुणीच कधी स्पष्ट बोललेलं नसतं. त्यामुळे त्याने दिलेला सल्ला लोकांना हुकूम वाटतो, आणि खरोखर हुकूम द्यायची वेळ येते तेव्हा तोही सल्ल्यासारखा ऐकून सोडून दिला जातो. माझ्या मते बरोबरीच्यांचं नेतृत्व याच गाठीवर अडतं किंवा सुटतं. कोचिंग त्यानंतर येतं.

आधी ज्ञानाचा मुद्दा संपवू. क्रिकेटचा कर्णधार मैदानात उतरतो तो अकरांतला एक म्हणून, आणि बहुतेक वेळा त्याच्याहून सरस खेळाडू त्याच संघात असतात. माइक ब्रिअर्लीला कसोटीत एकही शतक काढता आलं नाही, आणि त्याची सरासरी 23च्याही खाली राहिली. तरी त्याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने 31 कसोटींपैकी 18 जिंकल्या आणि फक्त 4 गमावल्या. 1981 साली हेडिंग्लेच्या कसोटीत इंग्लंडवर फॉलोऑनची नामुष्की आली होती. इयन बोथमच्या नाबाद 149 धावांमुळे ऑस्ट्रेलियापुढे कसंबसं 130 धावांचं लक्ष्य उभं राहिलं. बॉब विलिस सुरुवातीला चढावर, वाऱ्याच्या विरुद्ध गोलंदाजी करत होता. ब्रिअर्लीने त्याला दुसऱ्या टोकाकडून आणलं आणि नो-बॉलची चिंता सोडून वेगात, सरळ टाकायला सांगितलं. विलिसने 43 धावांत 8 बळी घेतले, 1 बाद 56 वरून ऑस्ट्रेलियाचा डाव 111 वर आटोपला आणि इंग्लंड 18 धावांनी जिंकलं. जलद गोलंदाजी कशी करतात हे ब्रिअर्लीने विलिसला शिकवलं नाही, शिकवूही शकला नसता. पण कोणत्या टोकाकडून टाकायचं हे ठरवणं त्याच्या हातात होतं, आणि एका गुणी माणसाच्या डोक्यावरची अनावश्यक काळजी काढून घेणंही त्याच्या हातात होतं. तुमचं कामही जवळपास हेच आहे.

गूगलने 2009 च्या सुमारास आपल्याच कंपनीतल्या माहितीवरून चांगल्या मॅनेजरची लक्षणं शोधली, तेव्हा निघालेल्या आठ गुणांत पहिला होता 'चांगला कोच असणं' आणि आठवा, म्हणजे शेवटचा, तांत्रिक कौशल्य. तंत्रज्ञांनी भरलेल्या कंपनीत हा क्रम आला. म्हणून तांत्रिक ज्ञान नसलं तरी चालेल असं कुणी समजू नये, ते त्या आठांत होतंच. पण गटातल्या सर्वांत हुशार माणसाला प्रमुख केलं की काम झालं, ही समजूत तिथेही टिकली नाही.

आता निर्णयांबद्दल. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नवं धोरण, नवा फॉरमॅट, नवी साप्ताहिक मीटिंग यांतलं काहीही आणू नका. आठही जणांशी एकेकट्याने, घाई न करता बोला. प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. कोणत्या कामात तुला कुणाचीही ढवळाढवळ नको आहे? कुठे तुला वाटतं की कुणीतरी वेळेवर निर्णय घ्यायला हवा आणि तो घेतला जात नाही? आणि माझ्या जुन्या सवयींपैकी कोणती आता या जागेवर बसल्यावर त्रासाची ठरेल? तिसरा प्रश्न अवघड वाटेल, पण बरोबरीने काम केलेल्या माणसांना तुमच्या सवयी तोंडपाठ असतात. तुम्ही विचारलं नाही तर ते आपसांत बोलणारच आहेत. उत्तर ऐकताना स्पष्टीकरण देऊ नका, लिहून घ्या.

या बोलण्यांतून तुमच्याकडे एक यादी तयार होईल. तिच्यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे लिहा की हा निर्णय माझा, हा ज्याच्या त्याच्या कामाचा, की हा सगळ्यांनी मिळून घ्यायचा. डिझाइनच्या गटात हे साधारण असं पडतं. कोणता प्रकल्प कुणाकडे द्यायचा, मुदतीबद्दल ग्राहकाला काय कबूल करायचं, दोन प्रकल्प एकमेकांच्या आड आले तर कोणता थांबवायचा, हे तुमचं. एखाद्या आराखड्यात कोणती प्रणाली निवडायची, गणित कसं मांडायचं, हे ज्याची सही त्यावर असेल त्याचं. तपासणीची पद्धत, गटाचे सामाईक नियम, नव्या माणसाची निवड, हे मिळून. मग हा कागद सगळ्यांसमोर ठेवा आणि त्यावर वाद होऊ द्या. हा वाद फार मोलाचा असतो. मी पाहिलेल्या एका गटात सगळ्यांत मोठा वाद पुनर्तपासणीवरून झाला: तपासणाऱ्याने आक्षेप घेतला आणि मूळ डिझाइन करणाऱ्याला तो पटला नाही, तर शेवटचा शब्द कुणाचा? कित्येक वर्षं तो गट दर वेळी हा प्रश्न ओरडण्याच्या जोरावर सोडवत होता. एका दुपारी बसून त्यांनी ठरवलं की सुरक्षिततेच्या मुद्द्यावर तपासणाऱ्याचा शब्द शेवटचा, पसंतीच्या मुद्द्यावर डिझाइन करणाऱ्याचा, आणि मुद्दा कोणत्या प्रकारचा याबद्दलच मतभेद असेल तर प्रमुखाने ठरवायचं. त्यानंतर त्या गटात मतभेद कमी झाले असं नाही, पण ते एका दिवसात मिटायला लागले.

ही रेषा आखल्यावर ती पाळणं तुमच्यावर आहे, आणि इथे बहुतेक सज्जन प्रमुख घसरतात. त्यांना जुन्या मित्रांवर अधिकार गाजवायचा संकोच वाटतो, म्हणून ते आपला निर्णय प्रश्नात गुंडाळतात. "असं करून पाहिलं तर कसं वाटेल?" असं विचारतात. समोरचा मनापासून म्हणतो, "नाही, नको वाटतं." मग प्रमुख दुसऱ्या शब्दांत तेच विचारतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर समोरच्याला कळतं की उत्तर आधीच ठरलेलं आहे. त्या दिवसापासून तुमच्या खऱ्या प्रश्नांनाही कुणी खरं उत्तर देत नाही. अनुभवी माणसाला नको असलेला निर्णय सहन होतो, आपल्याला खेळवलं जातंय हे सहन होत नाही. त्यामुळे तोंड उघडण्याआधी स्वतःशी ठरवा आणि मोठ्याने सांगा: "हे मी ठरवलं आहे, कारण अमुक. अडचण दिसत असेल तर आज सांग." किंवा, "हे तू ठरवायचं आहेस. माझं मत विचारशील तर सांगेन, पण ते नाही मानलंस तरी मला चालेल." आणि दुसरं वाक्य बोललात तर खरोखर चालवून घ्या. त्याने तुमच्या मताविरुद्ध ठरवलं आणि तुम्ही चेहरा न पाडता त्याच्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहिलात, की मगच या रेषेवर गटाचा विश्वास बसतो. त्याआधी तो फक्त कागद असतो.

ज्यांना ही जागा हवी होती त्या बाईंशी पहिल्याच आठवड्यात बोला, आणि विषय टाळू नका. सांत्वन करू नका, "खरं तर तुम्हीच योग्य होतात" असलं काही म्हणू नका. तुम्हाला तसं वाटत असेल तरी ते ऐकून त्यांनी करायचं काय? असं बोला: "ही जागा तुम्हाला हवी होती हे मला माहीत आहे. ती मला मिळाली. तुम्हाला पुढे कुठे जायचं आहे आणि त्यासाठी या वर्षात कोणतं काम तुमच्या हातात असायला हवं, ते मला सांगा. जमेल ते मी करेन, जमणार नाही ते तसं सांगेन." मग त्यांनी काही मागितलं तर महिन्याच्या आत त्यातली एक तरी गोष्ट झालेली दिसू द्या. त्यांच्याकडे एखादा मोठा अधिकार खरोखर सोपवता आला तर उत्तमच, उदाहरणार्थ नव्या लोकांची संपूर्ण जडणघडण. फक्त तो अधिकार खरा असावा. नावापुरतं 'उपप्रमुख' करून ठेवलं, तर त्यांना त्याचा अर्थ तुमच्याआधी कळेल.

आता कोचिंग. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण या नावाखाली बरंच नुकसान होताना पाहतो.

फीडबॅक दिला की काम सुधारतं असं सगळे धरून चालतात. 1996 साली क्लुगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी तोवर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी उलट खालावली होती. त्यांनी दिलेलं कारण अनुभवी लोकांच्या बाबतीत अगदी तंतोतंत पटतं: लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, की फीडबॅक काम बिघडवतो. "तुझ्या रिपोर्टमध्ये स्पष्टता कमी असते" असं ऐकलेला वीस वर्षांचा अनुभवी अभियंता पुढचे दोन दिवस रिपोर्टचा विचार करत नाही, तो स्वतःचा आणि तुमचा विचार करतो. तेच जर तुम्ही त्याच्याबरोबर एका विशिष्ट रिपोर्टचं चौथं पान उघडून बसलात आणि म्हणालात, "ग्राहकाने हे वाचून पाया बदलायचा असं समजून घेतलं. त्याने कोणत्या ओळीवरून तसं समजून घेतलं असेल?" तर तो आणि तुम्ही एकाच बाजूला बसून कागदाकडे बघायला लागता. मधोमध ठेवायला काहीतरी ठोस हवं. आराखडा, फाइल, केस, मीटिंगची नोंद, काहीही चालेल. हातात ठोस काही नसेल तर ते बोलणं पुढे ढकला.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण शस्त्रक्रियागृहातलं आहे. अतुल गवांदे हे नामवंत सर्जन. अनेक वर्षांच्या कामानंतर आपली प्रगती थांबल्यासारखी वाटते असं त्यांना जाणवलं, आणि त्यांनी रॉबर्ट ऑस्टीन या निवृत्त सर्जनना, आपल्या जुन्या शिक्षकांना, शस्त्रक्रिया पाहायला बोलावलं. 2011 साली त्यांनी याबद्दल लिहिलं. शस्त्रक्रिया गवांदेंच्या मते छान झाली होती. ऑस्टीन शांतपणे बघत राहिले, टिपणं काढत राहिले, आणि नंतर थोडा वेळच बोलले. त्यांनी दाखवलेल्या गोष्टी बारीक होत्या: दिवा सरकून जखमेवरचा उजेड बराच वेळ गेला होता आणि ते गवांदेंच्या लक्षात आलं नव्हतं. कोपर अधूनमधून खांद्याच्या उंचीपर्यंत वर जात होतं, त्यामुळे हाताची अचूकता कमी होत होती. रुग्णावरचं कापड त्यांच्या स्वतःच्या सोयीने उत्तम लावलेलं होतं, पण समोर उभ्या मदतनिसाला ते अडचणीचं ठरत होतं. 'तुमचं कौशल्य कमी पडतंय' असं त्यात काही नव्हतं. सगळं दिसणारं, दुसऱ्याच दिवशी बदलता येईल असं होतं.

यातून मी स्वतःसाठी आणि इतरांसाठी जे घेतलं ते असं. कोचला खेळाडूपेक्षा सरस असावं लागत नाही, त्याच्याकडे वेगळ्या जागेवरून पाहणारे डोळे आणि मोकळा वेळ असावा लागतो. काम चालू असताना माणूस स्वतःला पाहू शकत नाही, कितीही हुशार असला तरी. म्हणून तुम्ही आधी बघायला शिका. सहकाऱ्याला विचारा, "या ग्राहकाबरोबरच्या मीटिंगला मी नुसता बसतो. तुला कशावर नजर हवी आहे?" त्याने सांगितलेल्या गोष्टीवरच नजर ठेवा. नंतर एक, फार तर दोन गोष्टी सांगा. वहीत आठ लिहिलेल्या असतील तर सहा वहीतच राहू द्या. आणि मीटिंगमध्ये मध्येच तोंड घालून त्याला 'वाचवू' नका. एकदा वाचवलंत की ग्राहक पुढच्या वेळी त्याच्याऐवजी तुम्हाला फोन करतो, आणि तुम्ही एका चांगल्या अभियंत्याला स्वतःच्या हाताने ज्युनियर करून ठेवलेलं असतं.

प्रश्न विचारण्याबद्दलही थोडं. कोचिंगच्या वर्गांत प्रश्नांच्या तयार याद्या मिळतात. त्या नवख्यांसाठी ठीक असतील, पण तुमच्या गटातला माणूस "तुला काय वाटतं, तुझ्यापुढे कोणते पर्याय आहेत?" हे दुसऱ्यांदा ऐकताच ओळखेल की हे कुठून आलं. अनुभवी माणसाला उपयोगी पडतात ते त्याच्या निर्णयाच्या आत शिरणारे प्रश्न. "हे ठरवताना तू सगळ्यांत आधी काय पाहिलंस?" "कोणता आकडा निराळा आला असता तर तू मत बदललं असतंस?" "हेच काम नव्या माणसाला सोपवायचं असतं तर कशाची भीती वाटली असती?" याउलट, "असं का केलंस?" हा प्रश्न शक्यतो टाळा. तुमच्या मनात कुतूहल असेल, ऐकणाऱ्याला तो जाब वाटतो, आणि हुशार माणूस जाब द्यायला बसला की उत्तम युक्तिवाद करतो आणि काहीच शिकत नाही. आणि उत्तर तुम्हाला माहीत असेल तर प्रश्न विचारत बसू नका, सरळ सांगून टाका. "मागच्या प्रकल्पात हाच जोड अडचणीचा ठरला होता, ती फाइल बघ" एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते त्याच्याकडून वदवून घेण्यात वीस मिनिटं घालवणं हा त्याच्या वेळेचा अपमान आहे.

आपल्या कामाची तपासणी गटाकडून करवून घ्या, तीही सर्वांत आधी. कोचिंगची सुरुवात तुमच्यापासून झाली तर बाकीच्यांना ती शिक्षा वाटत नाही. तुमचं एखादं प्रपोजल, वरिष्ठांपुढचं सादरीकरण, एखादं गणित, गटातल्या सर्वांत परखड माणसाला द्या आणि सगळ्यांसमोर त्याचं ऐका. त्याने काढलेली त्रुटी दुरुस्त केली हे पुढच्या वेळी दाखवा. हाताने काम करणं पूर्ण सोडू नका, पण सगळ्यांत चमकदार काम स्वतःकडे ठेवू नका, आणि ज्यावर बाकीच्यांचं काम अडून राहील असं कामही घेऊ नका. प्रमुख झालेल्या माणसाचा दिवस तुकड्यांत जातो, अडवणारं काम त्याच्याकडे असलं की सगळा गट थांबतो.

विरोधी मत कसं जिवंत ठेवायचं, हा मला सर्वांत गंभीर वाटणारा भाग आहे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. परवानगी नसताना उड्डाणाला निघालेल्या विमानाचा कॅप्टन हा त्या कंपनीतला 747 विमानांचा प्रमुख प्रशिक्षक होता. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही की काय, अशी शंका फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ठामपणे ती मोडीत काढली, आणि पुढे कुणी बोललं नाही. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं विमान इंधन संपून कोसळलं. चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कॅप्टनपर्यंत सहकाऱ्यांनी इंधनाबद्दल दिलेल्या इशाऱ्यांचं गांभीर्य पोचलंच नाही. दोन्हीकडे कॉकपिटमधली सगळी माणसं प्रशिक्षित, अनुभवी व्यावसायिक होती. 1979 मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि 1981 पासून युनायटेडने वैमानिकांना एकमेकांचं ऐकण्याचं, शंका लावून धरण्याचं पद्धतशीर प्रशिक्षण सुरू केलं. आज जगभरातल्या विमान कंपन्यांत ते सक्तीचं असतं.

तुमच्या गटात एका वाक्याने माणसं मरणार नाहीत कदाचित, पण यंत्रणा तीच आहे. ज्याच्या ज्ञानाबद्दल आदर आहे त्याने ठामपणे बोललं की बाकीच्यांना स्वतःच्या शंकेचीच शंका येते. म्हणून तांत्रिक चर्चेत तुम्ही शेवटी बोला, आणि सर्वांत नवा माणूस आधी बोलेल असं पाहा. मोठ्या दोघांना ही पद्धत आधी एकांतात समजावून सांगा, नाहीतर त्यांना ती डावलल्यासारखी वाटेल. शंका आली की पहिलं उत्तर "तपासून बघू" असावं, "नाही, ते मी पाहिलंय" असू नये. आणि चुकांच्या नोंदी कमी झाल्या म्हणून लगेच खूश होऊ नका. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त आढळली. 1996 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांचा निष्कर्ष होता की तिथे चुका बोलून दाखवायला माणसं भीत नव्हती. तुमच्याकडे नोंदी एकदम आटल्या तर काम सुधारलं की माणसं गप्प झाली, हे शोधा.

कधी बोलायचं, यालाही अर्थ आहे. कॉनी गर्सिक यांनी 1988 मध्ये दाखवलं की मुदतीची कामं करणारे गट साधारण अर्धा वेळ संपला की अचानक आपली पद्धत बदलायला तयार होतात. त्याआधी आणि त्यानंतर सहसा नाही. रिचर्ड हॅकमन आणि रूथ वेजमन यांनी 2005 मध्ये यावरून कोचिंगचा क्रम मांडला: सुरुवातीला उभारी आणि बांधिलकी, मध्यावर कामाच्या पद्धतीचा फेरविचार, आणि काम संपल्यावर त्यातून शिकणं. मी स्वतः हे पाळतो. काम ऐन भरात असताना पद्धतीवर भाषण दिलं तर कुणीच ऐकत नाही. चार महिन्यांच्या प्रकल्पात दुसऱ्या महिन्याच्या शेवटी अर्धा दिवस राखून ठेवा आणि तो कुठल्याही कारणाने रद्द करू नका.

वयाने मोठ्या दोघांबद्दल. मान हलवून "हो हो" म्हणणारे आणि नंतर आपल्याच पद्धतीने करणारे ज्येष्ठ सगळ्यांना माहीत असतात. त्यांना सगळ्यांसमोर कोंडीत धरू नका. एकट्याने बसा आणि विचारा, "आपण ठरवलं तसं झालं नाही. तुम्हाला ते पटलं नव्हतं का? तसं असेल तर मला तेव्हाच ऐकायला आवडलं असतं." बहुतेक वेळा पटलेलं नसतं, आणि कारण ऐकण्यासारखं असतं. त्यांच्याकडे असलेलं ज्ञान कुठेही लिहिलेलं नसतं. अयशस्वी झालेल्या कामांच्या आठवणी तर फक्त त्यांच्याकडेच असतात. त्यांच्याकडून ते गटाला मिळवून देणं हे तुमचं कोचिंगच आहे, फक्त उलट्या दिशेचं.

सर्वांत कठीण प्रसंग येतो तो एखाद्या जुन्या, जवळच्या सहकाऱ्याचं काम खालावतं तेव्हा. चुका वाढतात, मुदती हुकतात, बाकीचे मुकाट्याने त्याचं काम सावरून घेतात. अशा वेळी पुष्कळ प्रमुख कोचिंगच्या आड लपतात. दर आठवड्याला बसतात, हळुवार प्रश्न विचारतात, आणि खरी गोष्ट कधीच सांगत नाहीत. हा त्या माणसावर मोठा अन्याय आहे, कारण वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये ती गोष्ट त्याच्या अंगावर येते तेव्हा त्याला म्हणायला जागा राहते की मला कुणी सांगितलंच नाही. आणि ते खरं असतं. कोचिंग सुरू करण्याआधी सांगा: "गेल्या तीन कामांत या या गोष्टी राहिल्या. हे असंच चाललं तर स्वतंत्र काम तुझ्याकडे देणं मला शक्य होणार नाही. तसं व्हावं असं मला वाटत नाही. काय चाललंय?" मग गप्प बसा. कधी घरात आजारपण असतं, कधी कामाचं स्वरूप बदललेलं असतं आणि नवं सॉफ्टवेअर येत नाही हे सांगायची लाज वाटत असते, कधी माणूस नुसता थकलेला असतो. प्रत्येकावर उपाय वेगळा. पण पुढची तारीख ठरवा, तोवर काय बदललेलं दिसायला हवं ते लिहून दोघांनी जवळ ठेवा, आणि त्या तारखेला खरोखर बसा. मैत्रीमुळे ही तारीख पुढे ढकलाल तर गटातले बाकीचे सात जण त्याची नोंद घेतील, कारण त्याचं काम तेच उपसत असतात.

मैत्रीबद्दल मला विचारतात की ती तोडावी लागते का. नाही. फक्त दोन गोष्टी बदलतात: गटातल्या एकाबद्दल दुसऱ्याशी बोलणं बंद, आणि वरिष्ठांकडून कळलेली गोपनीय गोष्ट मित्राला आधी सांगणं बंद. हे मित्रांना स्वतःहून सांगून टाका. आणि तुमची स्वतःची चिडचिड, शंका, गोंधळ बोलायला गटाबाहेरचं कुणीतरी शोधा, शक्यतो अशीच जबाबदारी सांभाळणारं. हे काम एकट्याने करण्यासारखं नाही.

शेवटी तुमचा सहा महिन्यांचा प्रश्न. मानतात की नाही हे तुमच्याशी ते किती गोड वागतात यावरून ठरवू नका. बघायचं ते वेगळं. अडचण आल्यावर ते तुमच्याकडे लवकर येतात की सगळं बिघडल्यावर? तुमच्या मताला सगळ्यांसमोर विरोध होतो का? तुम्ही आठवडाभर नसताना निर्णय होतात की साचून राहतात? याची उत्तरं बरी असतील तर कुणी थंडपणे वागलं तरी तो गट तुम्हाला मानतो आहे. उत्तरं वाईट असतील तर निर्णयांचा तो कागद पुन्हा सगळ्यांसमोर काढा आणि विचारा की यातलं काय मी पाळलं नाही. आणि एकच माणूस, सगळं करूनही, ठरलेले निर्णय मुद्दाम मोडत असेल, तर तो कोचिंगचा विषय उरलेला नाही. ते त्याला तसं स्पष्ट सांगा, वरिष्ठांना त्याच्या माहितीत कळवा, आणि त्याच्या जागेचा निर्णय घ्या. जागेबरोबर तुम्हाला मिळालेल्या अधिकारात तोही येतो.